चाक काढा, दांडा बसवा

सोलापूरच्या सात रस्त्यावर सिग्नल सुटला की रिक्षावाला हँडल वळवतो आणि पुढचं चाक त्याच क्षणी वळतं. मधे यंत्रणा म्हणावी असं काही नसतं, म्हणून खड्ड्याचा दणका थेट मनगटाला बसतो. त्याच्या मागच्या एसटीचं स्टिअरिंग मात्र दांड्या, गिअर आणि तेलाच्या दाबातून चाकांपर्यंत पोचतं. शिडाच्या बोटीतही असेच दोन पंथ आहेत. एकात सुकाणूच्या माथ्यावर सरळ लाकडी दांडा बसवलेला असतो; दुसऱ्यात गोल चाक. चाक दिसायला रुबाबदार, त्यामुळे तीच प्रगती असं आपण धरून चालतो. तरीही बसवलेलं चाक काढून पुन्हा दांड्याकडे येणारे बोटमालक आहेत, आणि त्यांचं गणित चुकलेलं नाही.

(सोलापूरकरांना या खाऱ्या पाण्याशी काय देणंघेणं, असं कुणी विचारलंच तर वालचंद हिराचंद यांचं नाव सांगावं. 1882 साली सोलापुरात जन्मलेल्या या गृहस्थांच्या सिंदिया जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली. 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन त्यामुळेच.)

आता गणित. मध्यम बोटीच्या सुकाणूचं पातं समजा 1.2 मीटर उंच आणि अर्धा मीटर रुंद आहे. बोट ताशी 6 सागरी मैलांनी चालली असताना पातं जरासं तिरकं केलं, तर पाणी त्यावर सुमारे 150 किलो वजनाइतका रेटा देतं. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. पातं पुढच्या कडेवर बिजागरीसारखं टांगलेलं असेल, तर हा रेटा आसापासून साधारण 20 सेंटिमीटर मागे लागतो. म्हणजे सुकाणू पिळवटणारा जोर 150 गुणिले 0.2, तीस किलो-मीटर. दीड मीटरचा दांडा धरला, तर हाताला 20 किलो. तासभर हे ओढत बसणं म्हणजे खांद्याची परीक्षाच.

पण आस थोडा मागे सरकवून पात्याचा काही भाग आसाच्या पुढे ठेवला, की पुढच्या भागावरचा रेटा मागच्याला तोलून धरतो. वीस सेंटिमीटरचे पाच झाले, तर हातावर उरतात 5 किलो. जाणते बोटमालक चाक की दांडा हा वाद घालण्याआधी बोटीखाली वाकून पातं बघतात ते यासाठी.

चाकाची जादू या हिशेबात किती? त्याच्या खांबात दातेरी चकती आणि साखळी असते. साखळीला पोलादी तारा जोडलेल्या, त्या कप्प्यांवरून डेकखाली जातात आणि सुकाणूच्या आसावर बसवलेल्या पाव वर्तुळाच्या चकतीला, क्वाड्रंटला, ओढतात. दातेरी चकतीची त्रिज्या 5 सेंटिमीटर, क्वाड्रंटची 25 आणि चाकाची 45 धरली, तर एकूण फायदा सव्वादोन मीटर लांबीच्या दांड्याइतका येतो. वीस किलोंचे तेरा होतात. त्यातलाही काही भाग कप्प्यांचं घर्षण खातं. तारेवर मात्र त्या वेळी 120 किलोंचा ताण असतो, आणि ती तार डेकखाली, अंधारात, खाऱ्या दमट हवेत, कप्प्यावर मागेपुढे घासत असते. आधी एखादा धागा तुटतो, मग दुसरा. चाक धरणाऱ्याला ते दिसत नाही.

बिघाड मोठ्या आणि नीट राखलेल्या बोटींनाही चुकत नाही. नौदलाची ‘तारिणी’ ही गोव्याच्या ॲक्वेरिअस शिपयार्डमध्ये बांधलेली 56 फुटी नौका. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या होत्या. एप्रिल 2018 मध्ये, घर जवळ आलेलं असताना, सुकाणू यंत्रणेतल्या बिघाडामुळे त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईसला थांबावं लागलं. 21 मे रोजी त्या गोव्यात पोचल्या.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘सुहैली’. मुंबईत सागवानात बांधलेली ही 32 फुटी बोट, तिला दांडाच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावरून 312 दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्यानं जगाला फेरी मारून 22 एप्रिल 1969 रोजी परतले. असं करणारे ते पहिलेच. वाऱ्यावर आपोआप सुकाणू सांभाळणारं त्यांचं यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झालं. पुढचा निम्मा प्रवास त्यांनी शिडांचा तोल साधून आणि दांडा दोरीनं बांधून केला. दांड्याला दोरी बांधता येते, हा फायदा फार मोठा आहे. 2022-23 च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं करायच्या जगफेरीच्या शर्यतीत दुसरे आलेले अभिलाष टॉमी यांनी असंच वाऱ्यावर चालणारं यंत्र बिघडल्यावर शौचालयाच्या दाराचं लाकूड वापरून दुरुस्त केलं होतं. साधी यंत्रणा असेल तर करवत आणि डोकं पुरतं.

मग चाक काढायचं कसं? खांब, साखळी, तारा, कप्प्या बाहेर काढणं हे सोपं काम. अवघड काम आसाचं. चाकाच्या बोटीत आस बहुधा डेकखालीच संपतो. तो वर आणायला लेथवर जोडतुकडा करावा लागतो, की-वे म्हणजे खाच कापून तीत चावी ठोकावी लागते, म्हणजे दांडा आसावर घसरत नाही. शिवाय दांडा आसाला नुसता पिळत नाही, बाजूलाही रेटतो. म्हणून डेकच्या पातळीवर एक बेअरिंग हवंच. ते टाळलं तर खालचं बुश लवकर झिजतं आणि पातं खडखडू लागतं. सुकाणू साधारण 35 अंशांपुढे फिरू नये म्हणून अडणीही नव्यानं बसवायच्या, कारण जुन्या क्वाड्रंटबरोबर गेलेल्या असतात. इंजिन रिव्हर्समध्ये टाकलं की पाणी मागून पात्यावर येतं, आणि अडणी नसेल तर दांडा हातातून सुटून बरगडीत बसतो. होकायंत्र आणि इंजिनाचा लिव्हर त्या खांबावरच होते, त्यांनाही नवी जागा शोधावी लागते.

नवख्याचा गोंधळ वेगळाच. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. ‘टायटॅनिक’वर हिमनग दिसताच दिलेला हुकूम ‘उजवीकडे’ असा होता आणि जहाज डावीकडे वळलं. चाक येऊन दोन शतकं झाली तरी हुकूम दांड्याच्याच भाषेत दिले जात. ब्रिटिश जहाजांवर ही पद्धत 1933 साली बदलली.

माझं मत विचाराल, तर तीस-पस्तीस फुटांपर्यंतच्या, तोललेलं पातं असलेल्या बोटीला दांडाच बरा. वजन कमी, खर्च कमी, आणि पाणी काय म्हणतंय ते तळहाताला कळतं. ‘तारिणी’सारख्या वीसेक टनी नौकेचं चाक काढणं मात्र हट्ट ठरेल. चाक ठेवायचंच असेल, तर अशा बोटींत संकटकाळासाठी दिलेला जोडदांडा बहुधा एखाद्या कप्प्यात सामानाखाली गाडलेला असतो. तो बंदरात असतानाच बाहेर काढावा, आसावर बसतो का ते पाहावं आणि एकदा तरी त्यावर बोट चालवून बघावी.