लाल डोळे, लाल पाणी

उडत्या तबकड्यांच्या दंतकथांवर काम करणारे कलावंत बहुधा त्या रात्री दिसलेल्या आकाराच्या मागे लागतात आणि तो जिथे दिसला त्या जागेकडे पाठ फिरवतात. माझ्या मते खरं द्रव्य त्या जागेतच असतं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधलं पॉइंट प्लेझंट हा त्याचा उत्तम पुरावा. १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री दोन तरुण जोडप्यांना गावाबाहेर लाल डोळ्यांची, पंखवाली, माणसाहून उंच आकृती दिसली. मग आभाळातल्या चमत्कारिक दिव्यांच्याही बातम्या येऊ लागल्या आणि मेरी हायर ही स्थानिक बातमीदार त्या नेटाने टिपत गेली. त्या आकृतीला ‘मॉथमॅन’ हे नाव पडलं आणि जॉन कील यांनी १९७५ च्या पुस्तकात मॉथमॅन आणि तबकड्या एकाच कथेत गुंफल्या. २००२ मध्ये त्यावर चित्रपट आला, गावात वार्षिक उत्सव सुरू झाला आणि २००३ मध्ये बॉब रोच यांनी घडवलेला मॉथमॅनचा स्टेनलेस स्टीलचा पुतळा भर गावात उभा राहिला.

ती आकृती दिसली तो भाग ‘टीएनटी एरिया’ म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, तिथे टीएनटी हे स्फोटक बनवण्याचा सरकारी कारखाना होता. तयार माल ठेवायला काँक्रीटचे घुमट बांधले होते आणि विमानातून दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर माती घालून गवत वाढवलं होतं. लोक त्यांना ‘इग्लू’ म्हणतात. युद्ध संपलं, कारखाना बंद पडला आणि पुढे तिथल्या बऱ्याच जमिनीवर वन्यजीव क्षेत्र झालं. १९८१ मध्ये तिथल्या एका तळ्यालगत लाल पाणी पाझरताना आढळलं. टीएनटी शुद्ध करताना निघणारं सांडपाणी तांबडं असतं. १९८३ मध्ये ही जागा अमेरिकेतल्या सर्वांत प्रदूषित स्थळांच्या सरकारी यादीत गेली. मॉथमॅन म्हणजे या विषामुळे विकृत झालेला पक्षी, असं काही जण सांगतात. त्याला आधार नाही आणि माझं म्हणणंही ते नाही. युद्धाने मागे टाकलेली जागा गावाला भयाची वाटत होती आणि त्या भयाला जमिनीतच कारण होतं, एवढंच मी म्हणतो.

पुलाचंही तेच झालं. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसं गेली. दंतकथेने ही दुर्घटना मॉथमॅनच्या खाती जमा केली. चौकशीत मात्र पूल तोलून धरणाऱ्या साखळीतल्या एका पट्टीच्या डोळ्यात, म्हणजे टोकावरच्या छिद्रात, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तडा सापडला. गंज आणि ताण यांनी तो वाढत गेला होता. प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या असल्याने एक तुटताच सगळा पूल गेला. सांधा उकलल्याशिवाय तो तडा दिसणं शक्य नव्हतं. पुढे देशभर पुलांच्या नियमित तपासणीचे निकष आले, ते याच दुर्घटनेमुळे. हा तडा मला लाल डोळ्यांपेक्षा जास्त भयंकर वाटतो.

कला म्हणजे चौकशी अहवाल नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. मॉथमॅन म्हणजे सँडहिल क्रेन पक्षी असावा, असं त्याच काळात विद्यापीठातल्या एका जीवशास्त्रज्ञाने सुचवलं होतं. तेवढ्याने कथा संपली नाही, संपायलाही नको. पुतळ्याने गावाला पर्यटक आणि ओळख दिली, हेही खरं. पण चकचकीत पोलादात कारखाना नाही, तळं नाही, पूल नाही. तो पुतळा कुठल्याही गावात उभा केला तरी चालेल. याउलट उघड्या इग्लूंच्या आतल्या भिंतींवर अनामिक हातांनी रंगवलेली चित्रं पाहावीत. ती ओबडधोबड आहेत, एकावर एक चढलेली आहेत, पण ज्या काँक्रीटमागे स्फोटकं होती त्याच काँक्रीटवर ती काढलेली आहेत. जागा तिथे चित्राचा भाग होते. म्हणून दंतकथेवर काम करणाऱ्याने आधी त्या जमिनीची कागदपत्रं वाचावीत: कोणी काय बनवलं, काय पुरलं, कोणाचं नुकसान झालं. पंख आणि डोळे त्यानंतर रंगवावेत.