सात मिनिटांच्या उड्डाणाचा शिधा

दिवाळीत नातवाला भेट मिळालेले, तळहातावर मावेल एवढे आणि एकावर एक बसविलेली दोन पाती परस्परविरुद्ध फिरवीत दिवाणखान्याच्या छताशी घिरट्या घालणारे हेलिकॉप्टर त्रिपुरी पौर्णिमा उलटण्यापूर्वीच जमिनीला खिळले, तेव्हा घरातील सर्वांनी दोष अर्थातच त्याच्या मोटारीच्या माथी मारला. मी मात्र चार बारीक स्क्रू काढून पोटातली बॅटरी बाहेर घेतली, तो ती हवाबंद बिस्किटाच्या पुड्यासारखी टम्म फुगलेली. नवी बॅटरी आणून खेळण्याबरोबर मिळालेल्या केबलीनेच चार्जिंगला लावली आणि हिरवा दिवा लागल्यावर मीटर टेकवून पाहिला, आकडा ४.२० असावयास हवा होता, तो ४.३४ निघाला. आरोपी हाती लागला होता.

दशांश चिन्हापुढच्या चौदाने असे काय बिघडते, असे कोणी विचारील. या खेळण्यांत असते ती लिथियम-पॉलिमर जातीची बॅटरी. तिच्या एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२, आणि वापरताना ३.० च्या खाली तिला जाऊ द्यावयाचे नाही, अशी तिच्या स्वभावाची हद्द रसायनशास्त्रानेच आखून दिलेली आहे. वरची हद्द ओलांडली की आतील लिथियम धातुरूपाने ऋण पट्टीवर साचू लागते, द्रवाचे विघटन होऊन वायू सुटतो आणि पातळ पिशवीचे पोट फुगते. प्रकरण याहून विकोपास गेले तर ती पेटही घेते. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या मंद प्रवाहावर रात्रभर लावून ठेवल्या तरी बिनतक्रार सोसत असत, आणि ‘झोपताना लाव, सकाळी काढ’ हा आमच्या पिढीचा शिरस्ता त्या सोशिकपणावरच पोसलेला आहे. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हापासून खरे म्हणजे तो शिरस्ता रद्द व्हावयास हवा होता. पण सवयी सावकाश मरतात.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाची वासलात लावणे आवश्यक आहे. मोबाइलचा जो ॲडाप्टर आपण भिंतीला लावतो त्याला बोलण्याच्या ओघात चार्जर म्हणतात खरे, परंतु तो केवळ पाच व्होल्टांचे कोठार. त्या कोठारातून किती शिधा काढावयाचा व केव्हा हात आखडता घ्यावयाचा हे ठरविणारा मापाडी केबलीतल्या नखाएवढ्या गड्ड्यात, किंवा काही खेळण्यांत हेलिकॉप्टरच्याच पोटात, बसलेला असतो. अगदी स्वस्त केबलींत तर मापाड्याच्या जागी एखादा रोधक तेवढा बसवून वेळ मारून नेलेली असते. म्हणून ॲडाप्टर महागाचा घेतल्याने बॅटरी सुरक्षित राहत नाही; मापाडी इमानी आहे की नाही, हे पाहावे लागते.

त्याची पहिली परीक्षा प्रवाहाची. बॅटरीच्या अंगावर मिलिॲम्पिअर-तासांचा जो आकडा छापलेला असतो, तेवढ्याच मिलिॲम्पिअरने ती भरावी, असा जाणकारांचा साधा संकेत आहे. सायमा कंपनीच्या एस-१०७ या बहुपरिचित खेळण्यात ३.७ व्होल्टांची, १५० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी असते, तिला ०.१५ ॲम्पिअर प्रवाह रास्त, आणि कोणी उत्साहाच्या भरात एक ॲम्पिअर देणारा चार्जर जोडला तर तिला साडेसहापटीहून अधिक घाईने गिळावे लागते. चांगला चार्जर आरंभी ठरलेला प्रवाह देतो, दाब ४.२ वर पोचला की तो तेथेच स्थिर धरतो आणि प्रवाह हळूहळू ओसरू देऊन अखेर बंद करतो. सात मिनिटांच्या उड्डाणासाठी तासाहून थोडा अधिक वेळ बसावे लागते ते यामुळे, आणि नातवाला हे समजावून सांगणे रसायनशास्त्र समजावण्याहून कठीण जाते.

दुकानदार अशा वेळी पडदा असलेला, अनेक जातींच्या बॅटऱ्या भरणारा भारदस्त चार्जर पुढे करतो. तो वाईट नव्हे. परंतु त्याचा कमीत कमी प्रवाह किती, हे प्रथम विचारावे, कारण पुष्कळांची मजल ०.१ ॲम्पिअरच्या खाली जात नाही आणि ७० मिलिॲम्पिअर-तासांच्या चिमुकल्या बॅटरीला तोही अधिकच. शिवाय तो हुकमाचा ताबेदार: लिथियम-लोह जातीची मर्यादा ३.६ व्होल्ट, उच्चदाब जातीची ४.३५, चुकीची जात निवडली तर चुकीचाही हुकूम तो निमूटपणे बजावतो.

खेळणे थोडे मोठे, दोन सेलांचे, म्हणजे ७.४ व्होल्टांचे असेल तर मात्र प्रश्न पालटतो. दोन्ही सेल भरले की बेरीज ८.४ होते, पण एक ४.३ वर आणि दुसरा ४.१ वर असला तरी बेरीज तीच, आणि केवळ बेरीज पाहणारा चार्जर त्यावर समाधान मानून हिरवा दिवा लावतो. बॅटरीला मुख्य जोडणीखेरीज तीन बारीक तारांची जी निराळी पिन असते ती याच रुजवातीसाठी. तिच्यावाटे प्रत्येक सेलचा हिशेब स्वतंत्र तपासणारा चार्जरच येथे घ्यावा, याबाबत तडजोड नको.

माझा कौल विचाराल तर एका सेलच्या खेळण्यासाठी भारदस्त चार्जर घेऊ नये. प्रत्येक खोबणीला स्वतंत्र मापाडी असलेला, प्रवाह निवडता येणारा छोटा चार्जर घ्यावा, आणि उरलेल्या पैशांतून दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर. संगणकाची जुन्या धाटणीची यूएसबी खोबण ५०० मिलिॲम्पिअरपर्यंतच प्रवाह देते, तेव्हा १५० च्या चार बॅटऱ्या एकदम तिच्यावर लादू नयेत. पिन बसली म्हणजे जोडणी जुळली असेही नाही. सारख्याच आकाराच्या पिनांत निरनिराळे उत्पादक लाल-काळी तार उलटसुलट लावतात, म्हणून आधी रंग पाहावेत. उड्डाणानंतर बॅटरी कोमट असते, ती निवू द्यावी. भरताना फरशीवर किंवा मातीच्या तबकात ठेवावी, गादीवर कदापि नव्हे, आणि आपण जागे व जवळ असावे. महिनाभर खेळ बंद राहणार असेल तर ३.८ व्होल्टांच्या आसपास, अर्धवट भरलेली ठेवावी.

ती फुगलेली बॅटरी अजून माझ्या खिडकीत, वाळू भरलेल्या कुंडीत पडून आहे. तशी एखादी आपल्याकडे निघाली तर तिला टोचू नये, पुन्हा चार्जिंगला लावू नये आणि घंटागाडीतही टाकू नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात नेऊन द्यावी.