थिओफिलिन आणि त्याचे सोबती

चहाच्या पानांतून १८८८ साली आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने वेगळे काढलेले थिओफिलिन दमेकऱ्याच्या श्वासनलिका सैल करते खरे. परंतु त्याच्या गुणकारी आणि विषारी मात्रांतले अंतर इतके थोडके आहे, की यकृतातील त्याचा निचरा मंदावणारे सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन किंवा आम्लपित्तावरील सिमेटिडीन सोबत आले, तर ओकारी, छातीत धडधड आणि प्रसंगी आकडी येण्यापर्यंत मजल जाते. उलटपक्षी क्षयावरील रिफाम्पिसिन, अपस्मारावरील फेनिटोइन आणि (हे बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही) विडी-सिगारेटचा धूर तो निचरा त्वरेने घडवितात; सबब धूम्रपान सोडणे सर्वस्वी श्रेयस्कर असले, तरी ते सुटताच नेहमीचीच गोळी जड होऊ शकते, ही इत्तिला डॉक्टरांस आगाऊ द्यावी; गोळी मात्र आपल्या मनाने कमीजास्त करू नये.