गुडघा तयार, मांडी संपावर

‘आईचा गुडघा बदलण्याचं ऑपरेशन उत्तम झालं, एक्स-रेही छान आला. मग घरी आल्यावर तिला पाय सरळ ठेवून वीतभरही उचलता का येत नाही? आणि घरात दोन कुत्री आहेत, त्यांना महिनाभर कुणाकडे पाठवायचं का?’ एका वाचकाने हे दोन्ही प्रश्न एकाच पत्रात विचारलेत. पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण ते फार सुंदर आहे आणि डिस्चार्जच्या कागदावर सहसा लिहिलेलं नसतं.

नवा सांधा पहिल्या दिवसापासून कामाला तयार असतो. तो ज्या सिमेंटने हाडाला बसवतात ते ऑपरेशन टेबलावरच घट्ट होतं. म्हणून तर रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतात. तयार नसते ती मांडी. गुडघा सरळ करणारा मांडीच्या पुढचा स्नायू म्हणजे क्वाड्रिसेप्स. त्याची ताकद पहिल्या महिन्यात आधीच्या निम्म्याहूनही खाली येते. एवढ्याशा काळात स्नायू इतका वाळत नाही. तो जागेवरच असतो, त्याच्यापर्यंत हुकूम पोचत नाही.

हुकूम अडतो मज्जारज्जूत. सांध्याभोवतीच्या पिशवीत ताण ओळखणारे चेतातंतू असतात. आत पाणी साठून पिशवी ताणली की ते मज्जारज्जूला कळवतात आणि तिथून क्वाड्रिसेप्सकडे निघालेले संदेश दाबले जातात. घरात कुठे शॉर्ट झालं की वायरिंग जळू नये म्हणून एमसीबी पडतो, तसाच हा प्रकार. 1984 साली स्पेन्सर, हेज आणि अलेक्झांडर या संशोधकांनी गुडघ्यात सलाइन टोचून हे चक्क मोजलं. मांडीचा आतल्या बाजूचा भाग ढिला पडायला 20 ते 30 मिलिलिटर पुरलं, उरलेल्या भागांना 50 ते 60. ना चिरा, ना टाके, नुसतं थोडं पाणी! मग ऑपरेशननंतरच्या सुजेने काय होत असेल? बर्फाची पिशवी आणि पाय उंच ठेवणं ही केवळ दुखण्यावरची मलमपट्टी नव्हे. ‘मांडी आवळा, पाच मोजा, सोडा’ हा फिजिओचा कंटाळवाणा व्यायामही तोच बंद पडलेला मार्ग पुन्हा उघडण्यासाठी असतो.

घरच्यांची माया इथे आडवी येते. सुजलेला गुडघा किंचित वाकलेला असताना आतला दाब कमी राहतो, म्हणून रुग्णाला तसंच बरं वाटतं आणि कुणीतरी प्रेमाने गुडघ्याखाली उशी सरकवतं. मागचा भाग त्या अवस्थेत आखडला की पाय पुरता सरळ होत नाही. सरळ पायावर माणूस जवळजवळ फुकटात उभा राहतो. वाकल्या गुडघ्यावर मात्र नुसतं उभं राहायलाही तीच दमलेली मांडी राबते. उशी हवीच असेल तर घोट्याखाली घ्या.

कुत्रा मात्र जन्मभर मागचे गुडघे वाकवूनच उभा असतो. त्याची किंमत त्याच्या गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, मोजतो. मागच्या पायाने लंगडणाऱ्या कुत्र्यात बरेचदा तोच फाटलेला निघतो. बार्कले स्लोकम या अमेरिकी पशुवैद्याने 1993 साली त्यावर नडगीचं हाड कापून त्याच्या माथ्याचा उतार बदलण्याची शस्त्रक्रिया मांडली. गंमत अशी, की त्या कुत्र्याला नंतर कित्येक आठवडे आवरून ठेवावं लागतं, कारण कापलेलं हाड जुळायचं असतं. आईला नेमकं उलटं.

कुत्र्यांना घराबाहेर पाठवू नका, पण आई उठताना ती बांधलेली असू द्या. अमेरिकेत 2001 ते 2006 या काळात कुत्र्यामांजरांमुळे पडून जखमी झालेल्यांचा सरकारी अंदाज वर्षाला 86 हजारांवर होता आणि त्यातली दहापैकी जवळपास नऊ प्रकरणं कुत्र्यांची होती. टाक्यांवर त्यांची जीभ अजिबात नको. त्यांच्या तोंडातल्या पाश्चुरेला जिवाणूने कृत्रिम सांधे बाधित झाल्याच्या नोंदी आहेत.

आता पानभर जाहिरातींतल्या रोबोविषयी. दक्षिण कोरियात किम आणि सहकाऱ्यांनी रोबोने केलेल्या आणि नेहमीच्या पद्धतीच्या शस्त्रक्रियांची दहा वर्षांहून जास्त काळ तुलना केली. 2020 मध्ये निकाल आला: वेदना, हालचाल, टिकाऊपणा, कशातही दखल घेण्याजोगा फरक नाही. तो रोबो जुन्या पिढीचा होता हे खरं, पण जाहिरातींची भाषा तेव्हाही हीच होती. रोबोपेक्षा सर्जन कोण ते पाहा. तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांचे गुडघे 2000 आणि 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलले, ते डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. इंदूरला वैद्यक शिकलेले हे गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल आणि वॉकर यांच्यासह 1974 चा कृत्रिम गुडघा घडवणाऱ्यांपैकी एक. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच घराण्यातले. आपल्याकडे मात्र ते ‘वाजपेयींचे डॉक्टर’ एवढेच उरले.

राहिलं पाय आपोआप हलवणारं सीपीएम यंत्र. ते भाड्याने आणायच्या विचारात असाल, तर 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात त्याचा लाभ सरासरी दोन अंश जास्त वाकण्याइतकाच निघाला. यंत्र पाय हलवतं, मांडी झोपलेलीच राहते. ते भाडं फिजिओथेरपिस्टला द्या.