गचाचा न्यायसभा आणि स्त्रीची साक्ष

यादवीने विदीर्ण झालेल्या समाजात सलोखा घडवून आणणे आणि पीडितास न्याय मिळवून देणे ही एकाच कार्याची दोन अंगे होत, असे सामान्यतः मानले जाते. तथापि ज्या योजनेने गाव पुन्हा एकत्र बसते, तीच योजना स्त्रीला दाद मागण्यापासून परावृत्त करू शकते, हे रवांडाच्या अनुभवावरून दिसून येते.

१९९४ च्या एप्रिल ते जुलै या काळात त्या देशात तुत्सी जमातीचा वंशसंहार झाला. शतकाच्या अखेरीस सुमारे १,२०,००० संशयित तुरुंगांत होते. उलटपक्षी न्यायाधीश व वकील यांपैकी बहुसंख्य मारले गेले होते किंवा परागंदा झाले होते. म्हणून २००१ च्या कायद्याने ‘गचाचा’ या परंपरागत संस्थेस नवे रूप देण्यात आले. या नावाचा संबंध गवताशी आहे. पूर्वी गावातील वडीलधारे पुरुष गवतावर बसून आपापसांतील तंटे मिटवीत. नव्या न्यायसभांत गावकऱ्यांनी निवडलेले पंच हत्येचे व लुटीचे खटले चालवू लागले, आणि पंचांत स्त्रियांनाही स्थान मिळाले. २०१२ साली या सभा बंद झाल्या, तोपर्यंत सुमारे १९ लक्ष प्रकरणे त्यांच्यापुढे आली होती.

या पद्धतीचे बळ तिच्या जाहीरपणात होते. मृतांना कोठे पुरले, हे पुष्कळदा अशा सभेतच उघड झाले. परंतु बलात्कारास बळी पडलेल्या स्त्रीच्या बाबतीत हाच जाहीरपणा अडसर ठरला. तिच्या साक्षीने आरोपीबरोबर तिचा स्वतःचा संसार व गावातील प्रतिष्ठाही पणास लागे.

प्रारंभी हे गुन्हे सर्वांत गंभीर वर्गात घालून नियमित न्यायालयांकडे राखून ठेवण्यात आले. २००४ च्या कायद्याने भरसभेत अशी फिर्याद मांडण्यास मनाई केली. स्त्रीने ती विश्वासातील एखाद्या पंचाकडे अथवा लेखी द्यावी, असे ठरले. २००८ साली यांतील बहुसंख्य खटले गचाचाकडे सोपविताना त्यांची सुनावणी बंद दाराआड होईल, अशी तरतूद झाली. मात्र लहान गावात दार कोणासाठी बंद झाले, हेच सर्व काही सांगून जाई.

आरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचा अनुभव याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. ताबा येथील माजी नगराध्यक्ष झाँ-पॉल अकायेसू याच्यावरील मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. १९९७ मध्ये स्त्री-साक्षीदारांच्या जबानीतून ती हकीकत बाहेर आली. न्यायासनावरील एकमेव स्त्री-न्यायाधीश नवनेतम पिल्ले यांनी तिचा पाठपुरावा केला व आरोपपत्र सुधारण्यात आले. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

दोन्ही उदाहरणांचा मथितार्थ एकच. न्यायसभा गावात भरली, एवढ्याने ती स्त्रीच्या आवाक्यात येत नाही. तिने कोणासमोर, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आणि कोणती किंमत मोजून बोलावयाचे, याचा निर्णय कार्यपद्धती करते. सलोख्याची योजना आखताना हा विचार मागाहून जोडला गेला, तर त्या शांततेचा काही भार स्त्रियांच्या मौनावरच पडतो.