टेक्नेशियमचं दशक

माझ्या उमेदीची वर्षं ज्या रुग्णालयात गेली, तिथला, किरणोत्सारी औषध शरीरात कुठं जातं ते टिपणारा गॅमा कॅमेरा नुकताच मोडीत काढला. त्या जागी पेट-सीटी येतो आहे, तोही बाहेरच्या कंपनीचा, कंत्राटावर. पेट-सीटी जरूर यावा, कॅन्सरच्या रुग्णांना त्याची गरज आहे. पण गॅमा कॅमेऱ्याबरोबर तान्ह्या मुलांचे किडनी स्कॅन गेले, थायरॉइडचे गेले, हाडांचे गेले. आता रुग्णाच्या हातात चिठ्ठी देऊन ‘बाहेरून करून आणा’ म्हणून सांगतात. हे कानावर आल्यापासून स्वस्थता नाही.

न्यूक्लिअर मेडिसिनची, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी निदान आणि उपचार करण्याच्या विद्येची, सुरुवातीची वर्षं मी भराभर ओलांडते. १९४१ साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या रुग्णावर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार केला. आपल्याकडे १९५६ मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये सायरस आली आणि १९६३ मध्ये परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. त्यानंतरच्या पस्तीस-चाळीस वर्षांतली उद्घाटनं, परिषदा आणि सत्कार स्मरणिकांतून छापून आले आहेत. त्यात मला रस नाही. मला बोलायचं आहे ते २००१ ते २०१० या दहा वर्षांबद्दल, कारण न्यूक्लिअर मेडिसिन कशासाठी आहे हे मला त्या वर्षांनी दाखवलं.

तेव्हा आमचा जवळजवळ सगळा कारभार टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्यावर चालायचा. त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं. सकाळी आठला शंभर मिलिक्युरी काढलं की दुपारी दोनला पन्नास उरणार, रात्री आठला पंचवीस. ते साठवता येत नाही, रोजचं रोज काढावं लागतं. म्हणून त्याचं जनक असलेलं मॉलिब्डेनम आणायचं. त्याचं अर्धायुष्य सहासष्ट तास, म्हणजे सोमवारी आलेल्या मालावर आठवडा निभतो. हे मॉलिब्डेनम भरलेल्या जनरेटरमधून रोज सकाळी सलाइन सोडून टेक्नेशियम ओढून घ्यायचं, याला जगभर ‘गाय दुहणं’ म्हणतात. त्याहून जुनी रीतही दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे चालू होती. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार झालेलं मॉलिब्डेनम द्रावणाच्या रूपात शिशाच्या जाड डब्यातून यायचं. त्यात एमईके नावाचं द्रावक घालून घुसळायचं. टेक्नेशियम वरच्या थरात यायचं, मॉलिब्डेनम खाली राहायचं. वरचा थर अलगद काढून घ्यायचा, ॲल्युमिनाच्या नळीतून गाळायचा, द्रावक उडवून टाकायचं आणि तळाशी उरलेलं सलाइनमध्ये विरघळवायचं. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा तो उग्र वास, शिशाच्या विटांच्या आडून चालणारे हात, छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज. साडेआठ वाजता पहिला रुग्ण येण्याआधी डोस तयार असायचा. हे काम कष्टाचं होतं, पण माल इथलाच होता आणि स्वस्त होता. सर्वसामान्य माणसाला परवडेल असा स्कॅन त्यातून व्हायचा.

त्या स्कॅनची किंमत कळायची ती तान्ह्या मुलांच्या बाबतीत. सोनोग्राफीत बाळाची एक किडनी फुगलेली दिसते. आईबाप हवालदिल. फुगली आहे हे दिसलं, पण ती काम करते का? लघवी खरोखर अडली आहे, की नळी नुसती ढिली आहे? याचं उत्तर फुगवट्याच्या चित्रात नसतं. आम्ही टेक्नेशियम जोडलेलं औषध शिरेतून द्यायचो आणि बाळाला कॅमेऱ्यावर दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवायचो. पडद्यावर दोन्ही किडन्या औषध उचलताना दिसायच्या. कोणती किती टक्के काम करते, हा आकडा मिळायचा. मग लघवी वाढवणारं लॅसिक्स द्यायचं. आलेखाची रेघ झपकन खाली उतरली, तर वाट मोकळी आहे, बाळावर सुरी चालवायची गरज नाही. रेघ वरच राहिली, तर सर्जननं तयारीला लागावं. बाळ हललं तर सगळं बिघडतं, म्हणून आई उशाशी बसून त्याच्याशी बोलत राहायची.

आमच्या चित्रांना ‘धुरकट’ म्हणून हिणवणारे सर्जन तेव्हा पुष्कळ होते. एकानं भर बैठकीत विचारलं होतं, एमआरआयमध्ये केसाइतकं बारीक दिसत असताना हे ढग कशाला बघायचे? उत्तर मी तेव्हाही दिलं होतं आणि आजही देते. तुमचं यंत्र अवयव कसा दिसतो ते सांगतं, आमचं तो काय करतो ते सांगतं. कॅन्सर हाडांत पसरला असेल, तर एक्स-रेमध्ये दिसण्याच्या कितीतरी आधी हाडांच्या स्कॅनवर काळा ठिपका उमटतो, कारण तिथं हाडाची उलथापालथ सुरू झालेली असते.

दुसरा अडथळा भीतीचा. आमचा विभाग तळघरात ढकलला तो जागेच्या अडचणीमुळे नाही, भीतीमुळे. थायरॉइडच्या कॅन्सरचा रुग्ण किरणोत्सारी आयोडीनचा मोठा डोस प्यायला, की नियमानुसार त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. त्याचं शौचाचं पाणीसुद्धा वेगळ्या टाकीत अडवून, जोर ओसरल्यावरच सोडतात. ही काळजी योग्यच. पण खोलीबाहेर जेवणाचं ताट ठेवायलाही कुणी येईना, लिफ्टमन दार लावून घेई. कोकणातून आलेल्या एका मावशींनी डोसआधीचे दोन आठवडे मासे आणि आयोडीनयुक्त मीठ सोडलं होतं, तोंडाची चव गेली होती, गळ्यावर ऑपरेशनची ताजी खूण होती. त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलेलं मी पाहिलं आहे. खरं तर याच्याइतका नेमका उपचार दुसरा नाही. शरीरात आयोडीन हावरेपणानं ओढून घेते ती थायरॉइडचीच पेशी. ती आयोडीन घेते आणि आयोडीनचे बीटा कण मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या टापूत तिलाच जाळतात. त्याच आयोडीनचे गॅमा किरण बाहेर येतात, त्यामुळे औषध कुठं पोचलं याचं चित्रही मिळतं. आठ दिवसांनी जोर निम्मा होतो.

२००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला आणि देशात पेट स्कॅनची सुरुवात झाली. तिथं तयार होणाऱ्या किरणोत्सारी फ्लोरिनचं अर्धायुष्य एकशेदहा मिनिटांचं. ते ग्लुकोजसारख्या रेणूला जोडून टोचतात. साखरेची भुकेली कॅन्सरची पेशी ते उचलते आणि उजळून दिसते. सरकारी संस्थेनं हे पहिलं पाऊल टाकलं याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्याच सुमारास आमच्या व्यवस्थापनानं खर्चाचे तक्ते मांडून एमईकेची रीत बंद केली, परदेशी जनरेटरचं कंत्राट केलं आणि ट्रॉम्बेचा पुरवठा थांबवला. आम्ही लेखी विरोध केला. इथला स्रोत हातात ठेवा, म्हणून विनवण्या केल्या. ‘जगात कुठंही मिळणारी वस्तू आहे,’ असं उत्तर आलं.

मे २००९ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरयू अणुभट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली. जगातल्या मॉलिब्डेनमचा फार मोठा वाटा ती एकटी पुरवत होती. फेब्रुवारी २०१० मध्ये हॉलंडच्या पेटेनची अणुभट्टी दुरुस्तीसाठी थांबली. एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपातली विमानं जमिनीवर आणली. जनरेटर कधी उशिरा आला, कधी आलाच नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत तारखेच्या आशेवर मुक्काम केलेल्या रुग्णांना मी फोनवर ‘आज नाही’ सांगायची. दिवसाकाठी मिळेल तेवढ्या टेक्नेशियममध्ये आधी बाळं, मग कॅन्सरचे रुग्ण, बाकीचे घरी, असा क्रम लावावा लागला. ज्यांनी तक्ते मांडले होते, ते त्या दिवसांत तळघरात फिरकले नाहीत. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबर २०१० ला, सायरसही कायमची बंद झाली. भारत-अमेरिका अणुकरारापोटी भारतानं तसं कबूल केलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालेली, आयसोटोप पुरवणारी ही भट्टी थांबली, आणि त्याची रुग्णालयांमध्ये साधी चर्चाही झाली नाही.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगते. आता सगळीकडे ‘थेरनॉस्टिक्स’चा बोलबाला आहे. गॅलियम जोडलेल्या रेणूनं गाठ शोधायची, तोच रेणू ल्युटेशियमला जोडून ती जाळायची. न्यूरोएन्डोक्राइन गाठी आणि प्रोस्टेटचा कॅन्सर यांत त्याचा मोठा आधार झाला आहे. अमेरिकेत ल्युटेशियमच्या पहिल्या औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली, त्याच्या कितीतरी आधी ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतल्या ल्युटेशियमवर परळला रुग्णांचे उपचार सुरू होते. परदेशी डोस ज्यांना स्वप्नातही परवडला नसता, अशांना हे उपचार त्याच्या अगदी थोड्या खर्चात मिळाले. मूळ कल्पना नवी नाहीच. पाहायचं आणि त्याच वाटेनं मारायचं, हे आयोडीननं तेव्हाच शिकवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही विद्या आपल्याकडे वाढली ती सार्वजनिक पैशावर, घरच्या अणुभट्टीवर आणि रोज पहाटे उठून डोस बनवणाऱ्या तंत्रज्ञांवर. आता तिचं महागडं टोक तेवढं उचलून कंत्राटदाराच्या हाती दिलं जातं आणि स्वस्त, रोजच्या उपयोगाचं टोक मोडीत निघतं. पेट स्कॅननं कॅन्सर शोधता येतो, पण फुगलेल्या किडनीच्या बाळाला लॅसिक्सच्या रेघेचं उत्तर त्यातून मिळत नाही. ते बाळ मुंबईचं असेल तर निदान दुसऱ्या रुग्णालयात जाईल. गडचिरोलीचं किंवा नंदुरबारचं असेल तर त्याचे आईबाप चिठ्ठी घेऊन परत जातील. राज्यातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एक चालता गॅमा कॅमेरा हवा, त्याला ट्रॉम्बेहून नियमित पुरवठा हवा, आणि तो चालवायला कायम नोकरीतला तंत्रज्ञ हवा. असा एक कॅमेरा बसवायला एका पेट-सीटीपेक्षा कमी पैसे लागतात. ज्यांनी आमचा कॅमेरा मोडीत काढला, त्यांनी हा हिशेब एकदा लोकांसमोर मांडावा.