थंडी, टर्बो आणि पहाटेची मिरज

डिसेंबरातली सोमवारची पहाट. पाच वाजलेत, मिरजेत पारा बाराच्या आसपास, आईनं डब्यात धपाटे भरून दिलेत आणि दहाच्या मीटिंगला मला पुण्यात पोचायचंय. दर वीकएंडचा हाच सिलसिला! चावी फिरवायची आणि थेट पाय दाबायचा. माझी सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी थंडीत जी काही सुटते ना, विचारू नका. मे महिन्यात हीच बया ओव्हरटेक करताना कुरकुरते.

हा भास नाही, साधं फिजिक्स आहे बॉस. गार हवा दाट असते. ३८ अंशांच्या हवेपेक्षा १२ अंशांच्या हवेत, तेवढ्याच जागेत सुमारे नऊ टक्के जास्त ऑक्सिजन मावतो. आता टर्बो काय, सुपरचार्जर काय, दोघांचं काम इंजिनात हवा कोंबण्याचं. टर्बो धुराच्या झोतावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनच्या पट्ट्यावर. (काही मर्सिडीजच्या डिकीवर 'कॉम्प्रेसर' लिहिलेलं असायचं, आठवतंय? तो सुपरचार्जर!) पण सायकलला हवा भरताना पंप तापतो, तशी ही दाबलेली हवाही तापते, जोर लावला तर शंभर अंशांच्याही पुढे. ती गार करायला इंटरकूलर असतो, आणि बाहेर थंडी असली की त्याची चंगळ. उन्हाळ्यात मात्र सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी पेटून 'नॉकिंग' होऊ नये म्हणून गाडीतला कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो. तिथंच ताकद जाते.

मग महाबळेश्वरला तर धमालच, असं मला वाटायचं. साफ चूक! तिथं सुमारे १३५० मीटर उंचीवर हवेचा दाब मिरजेपेक्षा नऊएक टक्के कमी. थंडीनं दिलेलं उंची काढून घेते. टर्बो जास्त गरगरून बरीचशी भरपाई करतो, साध्या इंजिनला ते जमत नाही.

एवढं ज्ञान पाजळणाऱ्या माझ्या गाडीनं गेल्या हिवाळ्यात निळा धूर सोडला. मिरजेतल्या आमच्या मिस्त्रींनी टर्बो उघडला, बोटानं दांडी हलवून दाखवली.

"सकाळी काढल्या काढल्या दाबताय व्हय?"

मी गप्प.

"आवो, ऑइल गार असतंय. त्याला पोचू तरी द्या की!"

ही दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. गारठ्यात ऑइल घट्ट, ते पोचायला वेळ लागतो. बेअरिंग झिजलं होतं. बिल बघून माझं गोव्याचं न्यू इयर कॅन्सल झालं आणि दोष द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आता सांगली मागे पडेपर्यंत मी निवांत चालवतो. काटा वर आला तरी लगेच भुलत नाही, कारण तो पाण्याचं तापमान सांगतो आणि ऑइल त्याच्यानंतर तापतं. पेठ नाक्याला हायवे लागला की मग मात्र मजा!

पोरगं सुधारलं म्हणून आई गल्लीभर सांगत फिरतेय. तिला अजून टर्बोबद्दल काही बोललेलो नाही.